तिसरं इंजेक्शन: नोकरी सांभाळून केलेल्या पदव्युत्तर अभ्यासाचं एक प्रकरण

ऑर्थोपेडिक मेडिसिनचा (हाडं-सांधे-स्नायूंच्या दुखण्यांचं शस्त्रक्रियेविना निदान आणि उपचार) अर्धवेळ एम.एस्सी. करावा का, असं इंग्लंडमध्ये काम करणारी मराठी फिजिओथेरपिस्ट मंडळी मला अधूनमधून विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा फी असते, नाहीतर बढती. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण दहा-बारा वर्षं रुग्ण पाहिलेल्या माणसाला असा अभ्यास नेमकं काय देतो, हे मला एका प्रकरणातून जितकं लख्ख दिसलं तितकं कुठल्याही माहितीपत्रकातून दिसलेलं नाही. तेच इथे मांडतो. विद्यार्थिनीची संमती घेतली आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, काही गाळले आहेत.

विद्यार्थिनी

तिने महाराष्ट्रातून फिजिओथेरपीची पदवी घेतली. काही वर्षं तिथल्याच रुग्णालयात काम केलं, लग्नानंतर इंग्लंडला आली, एचसीपीसी या तिथल्या नोंदणी संस्थेकडे नोंदणी केली आणि मिडलंड्समधल्या एका शहरात एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, हाडं-सांधे-स्नायूंच्या बाह्यरुग्ण विभागात रुजू झाली. अभ्यासाला नाव घातलं तेव्हा ती तिथे बँड ७ वर, म्हणजे ज्येष्ठ पदावर होती. सांध्यात आणि टेंडनभोवती (टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याचं प्रशिक्षण तिने घेतलेलं होतं. भारतातल्या वाचकांना याचं नवल वाटेल, पण ब्रिटनमध्ये १९९५पासून प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट अशी इंजेक्शनं देतात, आणि २०१३पासून पुढचं प्रशिक्षण घेतलेल्यांना स्वतंत्रपणे औषध लिहून देण्याची कायदेशीर मुभाही आहे.

विभागात तिचं नाव होतं. आपल्याकडे म्हणतात तसा तिच्या हाताला गुण होता. टेनिस एल्बोचा, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याचा, रुग्ण आला की सहकारी तो तिच्याकडे पाठवत. ती तपासायची, इंजेक्शन द्यायची, व्यायामाचा कागद हाती ठेवायची, सहा आठवड्यांनी एकदा बघायची. बहुतेक जण हसत यायचे. मग फाईल बंद व्हायची.

अभ्यासाला येण्यामागचं तिचं कारण तिने पहिल्याच भेटीत सांगितलं: "सर, हाताखालच्या मुलांना मी काय करते ते दाखवता येतं. का करते ते सांगायला लागले की अडखळते." मी तिचा क्लिनिकल मार्गदर्शक होतो. म्हणजे ठरावीक वेळा तिच्या विभागात जाऊन ती रुग्ण तपासत असताना शेजारी बसायचं, नंतर त्या रुग्णांबद्दल बोलायचं आणि तिच्या लेखनावर शेरे द्यायचे.

हा विषय आला कुठून

ऑर्थोपेडिक सर्जन शस्त्रक्रिया करतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण खांदा, कोपर, मान, पाठ यांची बहुसंख्य दुखणी शस्त्रक्रियेची नसतात. त्यांच्या निदानाची आणि उपचाराची शिस्त बसवण्याचं काम लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या जेम्स सिरियॅक्स (१९०४–१९८५) या डॉक्टरांनी केलं. त्यांचे आजोबा हेन्रिक केलग्रेन स्वीडनमधून आलेले, हाताने उपचार करणारे नामवंत. वडीलही त्याच कामातले. घरातला हा वारसा आणि वैद्यकीय पदवी दोन्ही हाताशी असल्याने सिरियॅक्स यांना एक गोष्ट खटकली: क्ष-किरणात हाड दिसतं, पण दुखणारा मऊ भाग दिसत नाही, आणि म्हणून त्याचं निदान अंदाजपंचे चालतं.

त्यांचा तोडगा आजही शिकवतात. सांधा तपासणाऱ्याने आपल्या हाताने हलवून पाहायचा. त्यात दुखलं तर दोष बहुधा सांध्याच्या आवरणात, हाडाला हाड बांधणाऱ्या लिगामेंटमध्ये, म्हणजे स्वतः आकुंचन न पावणाऱ्या भागात. मग सांधा न हलवता रुग्णाला जोर लावायला सांगायचं. त्यात दुखलं तर दोष स्नायूत किंवा त्याच्या टेंडनमध्ये. हालचालीच्या शेवटी हाताला काय जाणवतं, कडक अडकणं, चामड्यासारखा ताण की रिकामेपणा, याचीही नोंद करायची. टेनिस एल्बोत कोपर कितीही हलवा, फारसं दुखत नाही, पण कोपर सरळ ठेवून मनगट वर उचलायचा जोर लावला की कळ येते. दोन मिनिटांची तपासणी, आणि तीही बिनखर्चाची. दोन फिजिओथेरपिस्टांनी ही खांद्याची तपासणी एकमेकांचा निष्कर्ष न बघता केली तर निदान जुळतं का, हे १९९६मध्ये एका लहान अभ्यासात पाहिलं गेलं. २१ प्रकरणांपैकी १९मध्ये जुळलं. नमुना लहान आहे हे ध्यानात ठेवूनही, निव्वळ हातांनी केलेल्या तपासणीसाठी हे मला मोलाचं वाटतं.

निदानाचा हा भाग काळाच्या कसोटीला बऱ्यापैकी टिकला. उपचारांचं तसं म्हणता येत नाही. टेनिस एल्बोसाठी सिरियॅक्स परंपरेत तीन गोष्टी येतात: टेंडनवर आडवं खोल घर्षण, त्यानंतर कोपराला झटका देऊन करायचं मिल्सचं मॅनिप्युलेशन (हे पर्सिव्हल मिल्स यांनी १९२८मध्ये मांडलं होतं) आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन. आमची विद्यार्थिनी यातलं तिसरं सर्वाधिक वापरत होती, कारण त्याचा गुण लवकर दिसतो.

अभ्यासक्रमाची घडण

ब्रिटनमधला एम.एस्सी. १८० क्रेडिटचा असतो आणि एक क्रेडिट म्हणजे ढोबळमानाने दहा तासांचा अभ्यास. एकूण १८०० तास. ६० क्रेडिटनंतर पी.जी. सर्टिफिकेट आणि १२० नंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. अर्धवेळ विद्यार्थी साधारण तीन वर्षांत तो पुरा करतात. वर्गात बसणं थोडं, शनिवार-रविवार जोडून. बाकी वाचन, लेखन आणि आपल्याच विभागातलं काम.

१८०० तास म्हणजे काय हे घरात कळतं. तिचा मुलगा शाळेत जाणारा. नवरा शिफ्टमध्ये काम करणारा. मुलगा झोपल्यावर ती लॅपटॉप उघडायची. नोकरीतून अभ्यासासाठी मिळालेली रजा वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. फीचा काही भाग विभागाने दिला, पण पदवीनंतर ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही या अटीवर. उरलेले पैसे घरच्या बचतीतून गेले. इथे एक सांगून ठेवतो: ज्यांचा व्हिसा नोकरीशी बांधलेला आहे त्यांनी असा करार सही करण्याआधी दोनदा वाचावा. नोकरी बदलायची वेळ आली तर फी परत मागितली जाऊ शकते.

पहिल्या निबंधाला तिला कमी गुण मिळाले. विषय टेनिस एल्बोच्या उपचारांचाच होता, तिच्या हातचा. परीक्षकांनी तिच्या "माझ्या अनुभवात इंजेक्शनने बहुतेकांना आराम पडतो" या वाक्याखाली रेघ मारून विचारलं होतं: किती दिवसांनी विचारलं तेव्हा? तिला राग आला, आणि तो मला समजला. बारा वर्षं काम केलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे अविश्वास वाटतो. पण या प्रकरणातलं पुढचं सगळं त्या एका प्रश्नातून निघालं.

रुग्ण

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एक ओळखीचा रुग्ण परत आला. पंचेचाळिशीचा, घरांच्या आतल्या भिंतींना गिलावा करणारा कारागीर. स्वतःचा धंदा. काम केलं तर पैसे, नाहीतर नाही. डाव्या हातात मालाची पाटी, उजव्या हातात थापी, दिवसभर मनगट वर उचललेलं. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं. तिनेच त्याला आधी दोन इंजेक्शनं दिली होती, दोन्हींमध्ये काही महिन्यांचं अंतर ठेवून. दोन्ही वेळा सहा आठवड्यांनी तो बरा होता. दोन्ही वेळा फाईल बंद झाली होती.

आता तो तिसरं मागायला आला होता. वाद घालायला नव्हे, कृतज्ञतेने. "तुम्ही दिलेलं दोन्ही वेळा लागू पडलं. तेच द्या. सोमवारपासून मोठं काम घेतलंय."

मी त्या दिवशी तिच्या शेजारी बसलो होतो. तिने तपासणी नीट केली. मान आधी, कारण मानेतली नस दबली तरी दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूला उतरू शकतं. मान निर्दोष होती. कोपराच्या हालचाली पूर्ण. मनगट वर उचलण्याचा जोर लावताच कळ. मुठीची पकड मोजायच्या यंत्रावर दुखेपर्यंत दाबायला सांगितलं, तर उजव्या हाताची पकड डाव्याच्या निम्मीही भरली नाही. आणि कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर नाण्याएवढा डाग होता, भोवतालच्या त्वचेपेक्षा पुष्कळ फिका, थोडा खोलगट. त्याचा वर्ण गडद होता, त्यामुळे डाग लांबूनही दिसत होता.

हा डाग स्टिरॉइडचा. कोपराच्या त्या जागी त्वचेखाली चरबी जेमतेम असते, औषध वरच्या थरात राहिलं तर रंगद्रव्य कमी होतं आणि चरबी झिजते. गोऱ्या त्वचेवर हे चटकन नजरेत भरत नाही. आपल्या वर्णाच्या माणसांवर भरतं. संमतीपत्रात ही शक्यता छापलेली असते, पण कोणाच्या त्वचेवर तो किती उठून दिसेल हे तोंडी सांगितलं जातंच असं नाही. भारतात इंजेक्शन देणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट रुग्णाला बोलून सांगायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

तिने त्याला सांगितलं की आज इंजेक्शन देणार नाही, आठवड्याने पुन्हा या, तोवर मी काही वाचून ठेवते. तो नाराज झाला. विभागप्रमुखांनीही विचारलं की एवढ्याशा गोष्टीला दुसरी भेट कशाला. प्रतीक्षायादी लांब होती आणि त्यांचंही चुकत नव्हतं.

तिने काय वाचलं

२००२मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्सच्या संशोधकांनी १८५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला फक्त सल्ला आणि वाट पाहणं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले ९२ टक्के बरे, फिजिओथेरपीवाले ४७, वाट पाहणारे ३२. इथे थांबलं तर इंजेक्शनशिवाय दुसरं काही द्यावंसंच वाटणार नाही. पण त्यांनी ५२ आठवड्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा इंजेक्शनवाले ६९ टक्के, फिजिओथेरपीवाले ९१, आणि नुसती वाट पाहणारे ८३ टक्के बरे होते. काही न केलेले लोक इंजेक्शन घेतलेल्यांच्या पुढे गेले होते.

२००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १९८ रुग्णांच्या अभ्यासात हेच पुन्हा दिसलं. इंजेक्शनने बरे झालेल्या ६५ जणांपैकी ४७ जणांचं दुखणं नंतर उलटलं. मग २०१३मध्ये जामा या नियतकालिकात १६५ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात स्टिरॉइडची तुलना औषध नसलेल्या इंजेक्शनशी केली होती. वर्षअखेरीस पूर्ण किंवा बरेच बरे झालेले स्टिरॉइड गटात ८३ टक्के, दुसऱ्या गटात ९६. दुखणं उलटण्याचं प्रमाण ५४ टक्के विरुद्ध १२ टक्के. स्टिरॉइडसोबत फिजिओथेरपी जोडल्यानेही वर्षअखेरचं चित्र सुधारलं नाही.

हे असं का होतं याबद्दल अजून चर्चा चालू आहे, पण एक धागा पक्का आहे. अमेरिकेतले ऑर्थोपेडिक सर्जन रॉबर्ट निर्शल यांनी १९७९मध्येच शस्त्रक्रियेत काढलेल्या टेंडनचं सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र मांडलं होतं: दाह करणाऱ्या पेशी फारशा नाहीत, तंतूंची रचना मात्र विस्कटलेली. दाह नसेल तर स्टिरॉइडसारखं दाहशामक औषध मुळावर काम करत नाही. ते कळ थांबवतं, आणि कळ थांबल्यावर माणूस पूर्ण जोराने कामाला लागतो. गिलाव्याचं काम असेल तर दुसऱ्याच दिवशी.

सिरियॅक्स यांच्या घर्षणाचं काय? त्याचे पुरावे तिने तितक्याच कडकपणे तपासले. २०१४च्या कोक्रेन आढाव्याला (उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) या बाबतीत दोनच छोटे अभ्यास हाती लागले, आणि ठाम निष्कर्ष निघाला नाही. ज्या परंपरेच्या नावाने अभ्यासक्रम चालतो तिच्या मूळ पुरुषाच्या उपचारांना परीक्षेत प्रश्न विचारायला लावणं, ही त्या अभ्यासक्रमाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. गुरूच्या पद्धतीची नुसती उजळणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यशाळा जगभर भरतात, आपल्याकडेही भरतात.

सहा आठवड्यांची खिडकी

वाचून झाल्यावर ती मला म्हणाली, "सर, हे लोक खोटं बोलत नसतील, पण माझे रुग्ण तर बरे झालेत. मी पाहिलंय ना."

तिने पाहिलं होतं हे खरंच. प्रश्न कधी पाहिलं हा होता. विभागाची पद्धत सहा आठवड्यांनी एकदा बघून फाईल बंद करायची. म्हणजे इंजेक्शनचा गुण जेव्हा सर्वांत जास्त असतो, बरोबर त्याच क्षणी तिची नजर रुग्णावर पडायची आणि तिथून पुढे कधीच पडायची नाही. ज्यांचं दुखणं चार महिन्यांनी उलटलं ते आपल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले, वेदनाशामक गोळ्या घेत राहिले, खासगीत गेले किंवा सोसत बसले. थोडे परत आलेही, पण नव्या चिठ्ठीवर, नवा रुग्ण म्हणून, बऱ्याचदा दुसऱ्या सहकाऱ्याकडे. बारा वर्षांच्या अनुभवात ते तिच्या खात्यावर पडलेच नाहीत. हा तिचा हलगर्जीपणा नव्हता. तिला तिच्या कामाचा जो भाग दाखवला जात होता, त्यातून तिने योग्य तोच निष्कर्ष काढला होता.

अर्धवेळ शिक्षणाचा खरा फायदा मला इथे दिसतो, आणि तो सोयीचा किंवा पगार चालू राहण्याचा नाही. पूर्णवेळ शिकायला गेलेला माणूस आपला विभाग सोडून जातो. वर्षाने पदवी घेऊन परततो तेव्हा त्याचे जुने रुग्ण पांगलेले असतात. ही बाई तीन वर्षं त्याच खोलीत होती. पहिल्या वर्षी इंजेक्शन दिलेला माणूस दुसऱ्या वर्षी दारात उभा राहिला तेव्हा ती तिथे होती, आणि मधल्या काळात प्रश्न विचारायला शिकलेली होती. नाहीतर तो कारागीर तिच्या लेखी "आधी गुण आलेला" रुग्ण राहिला असता आणि तिसरं इंजेक्शन घेऊन गेला असता.

मग काय केलं

आठवड्याने कारागीर आला. तिने त्याला आकडे सांगितले, साध्या शब्दांत. दहा जणांनी काहीच केलं नाही तर वर्षभरात आठ जण बरे होतात. इंजेक्शन घेतलं तर सहा आठवडे मजेत जातील, पण वर्षाने बरं असण्याची शक्यता कमी होते, आणि तुमच्या बाबतीत ते दोनदा होऊन गेलंय. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "हे पहिल्या वेळी का नाही सांगितलं?" तिने सांगितलं की तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. मला त्या उत्तराचा आदर वाटला. त्याचाही राग तिथेच ओसरला असावा, कारण पुढच्या सगळ्या भेटींना तो आला.

उपचारात चमत्कार नव्हता. आधी दुखणं सहन होईल इतपत जोर, मनगट न हलवता धरून ठेवण्याचा. मग वजन घेऊन सावकाश वर-खाली. दर काही दिवसांनी वजन थोडं वाढवायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं चढलं तर मागे यायचं. कामात बदल: थापीची मूठ जाड करून घेतली, कारण बारीक मूठ घट्ट आवळावी लागते. मालाच्या बादल्या तळहात वर ठेवून उचलायच्या. छताची कामं तीन महिने जोडीदाराकडे. मोठं काम त्याला अर्धं सोडावं लागलं, त्याचे पैसे गेले, आणि हे तिने आपल्या लेखनात ठळकपणे नोंदवलं. उपचाराची किंमत रुग्णाने मोजली तर ती अहवालात यायला हवी.

तीन महिन्यांनी पकड बरीच सुधारली, दुखणं उरलं होतं. सहा महिन्यांनी तो भिंतींचं काम पूर्ण वेळ करत होता. वर्षाने तिने फोन केला तेव्हा छताचं कामही सुरू झालं होतं, दिवस मोठा झाला तर संध्याकाळी ठणका लागायचा. डाग पुसट झाला होता, गेला नव्हता. तो नुसत्या काळाने बरा झाला असता का? कदाचित. एका रुग्णावरून हे ठरत नाही, आणि तिने तसा दावाही केला नाही.

प्रबंधासाठी तिने आपल्याच विभागातल्या टेनिस एल्बोच्या इंजेक्शनांचं सेवा-मूल्यमापन घेतलं. नवा उपचार द्यायचा नसल्याने त्याला संशोधन-नैतिकता समितीची लांबलचक मंजुरी लागली नाही, पण रुग्णांची माहिती वापरायला संस्थेची परवानगी लागली, आणि तेवढ्यालाच कित्येक आठवडे गेले. मग कळलं की नोंदींत उत्तरच नाही. सहा आठवड्यांपुढचा रकाना नव्हता. तोच जुना रुग्ण परत आला आहे हे संगणकाला कळत नव्हतं. हाती निष्कर्ष लागेना म्हणून ती हवालदिल झाली. मी तिला म्हणालो, हाच तुझा निष्कर्ष आहे, मांड. तिने मांडला. विभागाला काय कळत नाही, आणि ते का कळत नाही, हे पुराव्यासह दाखवणारा प्रबंध झाला. परीक्षकांनी तो वाखाणला. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की विभागाने नोंदीचा फॉर्म बदलला. आता इंजेक्शन दिलेल्या प्रत्येकाला वर्षाने फोन जातो. चार प्रश्न: दुखतं का, काम पूर्ण करता का, पुन्हा कुठे उपचार घेतले का, त्वचेवर काही उमटलं का.

तिने इंजेक्शन देणं सोडलेलं नाही. गोठलेल्या खांद्यात (फ्रोझन शोल्डर), विशेषतः सुरुवातीच्या अतिशय दुखऱ्या काळात, ती अजूनही देते. ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांतल्या ५०३ रुग्णांच्या अभ्यासात (लॅन्सेट, २०२०) इंजेक्शनसह शिस्तबद्ध फिजिओथेरपी ही भूल देऊन केलेल्या दोन प्रक्रियांच्या (खांदा हलवून मोकळा करणं आणि दुर्बिणीतून आवरण सोडवणं) तुलनेत रुग्णाला जाणवावी इतकी मागे पडली नव्हती. हा फरक करता येणं, एकाच सुईबद्दल दोन सांध्यांत दोन उत्तरं देता येणं, यासाठी तिने तीन वर्षं घातली.

आपल्याकडे

२००४मध्ये सचिन तेंडुलकरच्या कोपराने टेनिस एल्बो हे नाव महाराष्ट्रात घराघरांत पोचवलं. पण ते दुखणं रॅकेट धरणाऱ्यांपेक्षा कणिक मळणाऱ्या, धुणं पिळणाऱ्या, करवत नि थापी चालवणाऱ्या हातांचं जास्त. आणि आपल्याकडे रुग्णाची रीत ठरलेली: गुण आला तर डॉक्टरचं नाव चार जणांना सांगायचं, उतार पडला नाही तर डॉक्टर बदलायचा. म्हणजे सहा आठवड्यांची ती खिडकी इथे आणखी अरुंद आहे. सांगलीतल्या किंवा रत्नागिरीतल्या अनुभवी डॉक्टरला आपल्या इंजेक्शनचं पुढे काय झालं हे कळण्याचा मार्गच नाही, कारण उलटलेला रुग्ण समोरच्या दवाखान्यात बसलेला असतो.

शिकायची सोय म्हणाल तर एम.एस. ऑर्थो हा तीन वर्षांचा पूर्णवेळ निवासी अभ्यासक्रम. फिजिओथेरपीची एम.पी.टी. दोन वर्षांची, तीही पूर्णवेळ. चाळिशीत दवाखाना चालवणाऱ्या माणसाने तो बंद ठेवून हे करावं अशी अपेक्षा धरता येत नाही. त्याच्या वाट्याला उरतात शनिवार-रविवारच्या कार्यशाळा. तिथे हात शिकतो, पण सोमवारनंतर त्या हाताने काय केलं हे विचारायला कोणी येत नाही. नोकरी-दवाखाना सांभाळून करायचा, स्वतःच्याच रुग्णांवर प्रश्न विचारायला लावणारा, मार्गदर्शक दारात पाठवणारा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम महाराष्ट्रात हवा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. तपासायला रुग्ण आपल्याकडे भरपूर आहेत, आणि शिकवू शकतील अशी माणसंही आहेत. तोवर वर्षाने फोन करायची वही कुठल्याही दवाखान्यात आजपासून ठेवता येईल.

आता बढतीचं. पदवी मिळाली म्हणून तिचा बँड आपोआप वाढला नाही. तसा कोणाचाच वाढत नाही, पद रिकामं व्हावं लागतं. दीडेक वर्षाने शेजारच्या संस्थेत वरच्या पदाची जागा निघाली, मुलाखतीत तिला टेनिस एल्बोबद्दलच विचारलं गेलं आणि ती जागा तिला मिळाली. करारातला मुक्काम तोपर्यंत संपला होता, त्यामुळे फी परत करावी लागली नाही.